अळणी पेज

दिग्गी गावचा म्हातारा महाबळेश्वर तिसऱ्यांदा दवाखान्यात भरती झाला, तेव्हा त्याचे पाय सुजून खांब झाले होते. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, केशरला, बाजूला घेतलं.

"आजी, हृदयावरचा ताण रक्ताच्या तपासणीत कळतो. मागच्या वेळी घरी पाठवताना तो उतरला होता, आता दुप्पट झालाय. सांगूनही मीठ बंद केलं नाही ना?"

"अळणी कसं रांधू, बाई? आमच्यात घरचं माणूस गेल्यावर, सुतकात अळणी शिजतं. माझा दादला जिता हाय."

"मग घाला मीठ. अळणी शिजवायची वेळ लांब नाही."

दुसऱ्या दिवशी केशरने मिठाला हात न लावता पेज केली आणि डबा घेऊन आली. पहिला घोट घेताच महाबळेश्वर थांबला.

"कोण गेलं गं?"

केशरने नजर डब्याकडे वळवली.

"गणपती भावजी."

धाकट्या भावाचं नाव ऐकून म्हातारा हुंदके देत राहिला. मग डोळे पुसून त्याने मुकाट्याने सगळी पेज संपवली.

केशर लगबगीने बाहेर गेली. गणपती गोळ्यांची पिशवी घेऊन जिना चढत होता. तिने त्याची वाट अडवली.

"भावजी, हितनंच माघारी जावा. आत तुमचं सुतक चाललंय."