डोळे पास

"डॉक्टर, यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही," एवढंच सांगायचं, असं रत्नमालानं ठरवलं होतं. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा आणि पोरं सांभाळायच्या नावाखाली ती वर्षभर त्याच्या शेजारी बसून पुटपुटायची, "डावीकडं सायकल... दाबा ब्रेक." लायसनची मुदत संपली, तेव्हा तिला हायसंच वाटलं होतं. आता तरी कुणीतरी अडवेल.

डॉक्टरनं मोबाइलवरची नजरही न उचलता डोळे ठीक असल्याच्या दाखल्यावर शिक्का हाणला.

"डॉक्टर, यांना..."

"गप! खायचं काय मग?" नवरा दातओठ खात कुजबुजला.

"वहिनी, बिनघोर जावा," सोबत आलेला लायसनचा एजंट खिदळला. "आपल्याकडं आजवर कुणी नापास झालेलं नाही."

नवं लायसन आलं, तसं नवऱ्यानं ते देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पुढं चढायला गेली, तर त्यानं दार आतून ओढून घेतलं.

"तू घरी थांब. डॉक्टरनं डोळे पास केलेत माझे," तो पोरांदेखत ऐटीत म्हणाला.

मागच्या काचेतून पोरांनी तिला टाटा केला आणि व्हॅन डावीकडं वळली.