झेफाचा डावा हात

साओ पाउलोत उभी हयात चित्रकथा काढूनही तोमियो पानाची सुरुवात जपानी सवयीने उजवीकडून करतात, मग छापताना चित्रं आरशातल्यासारखी उलटवावी लागतात, म्हणून त्यांची नायिका झेफा डावखुरी दिसते, असं सगळे म्हणत. काम चालू असताना ते पान कुणाला दाखवत नसत. शाळेत त्यांच्या डावखुऱ्या लेकीला, नेइदेला, पोरं 'झेफा' म्हणून चिडवायची. तो राग ती अजून बापावर काढायची.

"बाबा, इथे डावीकडून वाचतात. कधी शिकणार?" शुक्रवारी कॉफी देताना ती म्हणाली.

"तू माझी संपादक आहेस का? साखर घाल."

शनिवारी पहाटे ते झोपेतच गेले.

अंत्यदर्शनाला संपादक इरासेमाबाई आल्या. नेइदे म्हणाली, "सुटलात. आता चित्रं उलटवायला नकोत."

"अगं, तू पेन्सिल धरायला लागलीस तेव्हापासून ते डावीकडूनच काढत होते! मी म्हटलं, आता तरी झेफाला उजवा हात द्या. तर म्हणाले, 'लेकीला बघून काढतो, ती डावखुरी आहे.'"

नेइदे शवपेटीवर वाकली.


"विचारायचं तरी होतं, बाबा," ती म्हणाली. "छान काढलंत मला."