पपईचा वास

माजी पंतप्रधान आबासाहेबांनी रांगेतल्या मतदाराचा हात पकडला, बोट नाकाशी नेऊन हुंगलं आणि ते गरजले, "पपईचा चीक! शाई पुसून हा पठ्ठ्या दुसऱ्यांदा आलाय!"

त्या चिमुकल्या बेटावरचे अधिकारी थक्कच झाले. परदेशी निवडणूक निरीक्षक त्यांनी पुष्कळ पाहिले होते; पण ते नारळपाणी प्यायचे, फोटो काढायचे आणि सगळं झकास चाललंय असं लिहून द्यायचे. आबासाहेबांनी मात्र दुपारपर्यंत यादीतले मेलेले मतदार हुडकले, मतपेटीचा खोटा तळ उचकटला आणि मेजवानीच्या नावाखाली शाळेत कोंडून ठेवलेले विरोधकांचे लोकही सोडवून आणले.

मागे छत्री धरून उभे असलेले त्यांचे जुने पीए पोतनीस हसू दाबता दाबता घामाघूम झाले होते. साहेब सत्तेत असताना दर निवडणुकीला टेम्पोभर पपया त्यांनीच तर पोचवल्या होत्या.

संध्याकाळी बेटाचे अध्यक्ष रडकुंडीला येऊन भेटायला आले. "साहेब, हेच सगळं करून तुम्ही तीनदा निवडून आलात, हे जगाला ठाऊक आहे. मग माझंच काय चुकलं?"

पोतनीसांचं हसू मावळलं. आता साहेब भडकणार! पण साहेबांनी छातीवरचं, लोकशाहीच्या सेवेबद्दल मिळालेलं पदक सारखं केलं आणि अध्यक्षांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"अहो, माझ्यासारख्या निरीक्षकांना मी कधी व्हिसाच दिला नाही."