करवतीचं वर्णन

आमच्या वखारीतली अवजारं आता एआय एजंट चालवतो. कुठलं अवजार कसं वापरायचं, हे तो मी लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. करवतीसाठी मी लिहिलं होतं: ‘लाकूड कापते. माणसाचा ओरडा ऐकू आला की थांबवावी.’

आज ती भर दुपारी थांबली. पडद्यावर उमटलं: ‘माणूस ओरडतोय.’

पात्यासमोर नुसता ओंडका होता. तो लावून धाकटा भाऊ माझ्याशेजारी येऊन उभा राहिला होता.

“मला तर काहीच ऐकू येत नाही, दादा,” माझ्या खांद्यावर हात टाकत तो हसला.

मुकादमांचं डोकं फिरलं. “एक वर्णन धड लिहिता येत नाही? डोक्यात भुसा भरलाय का? बदल ते!”

मी चरफडत बदललं: ‘माणूस दिसला तरच थांबवावी.’

पातं ओंडक्यात घुसलं. लालभडक, ओला भुसा माझ्या तोंडावर उडाला आणि लाकडाच्या आतून भावाचा आवाज किंचाळला, “दादा, थांबव!”

मी गर्रकन वळलो. भाऊ ओठ मिटून अजून हसत होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता. त्याची बाही मात्र खांद्यापासून रिकामी लोंबत होती.