घरचा प्रश्न

एआयच्या नकली आवाजांनी लोक फसू लागले, तसं सचिवसाहेबांनी वर्षभर डोकं खाजवलं. कायदा किचकट, बंदी अशक्य. शेवटी बिनखर्चाचं धोरण ठरलं: फोनवर आवाज ओळखीचा वाटला, तरी घरच्याच माणसाला ठाऊक असेल असं काहीतरी विचारा.

ते मंत्र्यांपुढे मांडायच्या दिवशीच साहेब मोबाइल घरी विसरले, आणि ओटीपीवाचून फाइल उघडेना. त्यांनी शिपायाच्या फोनवरून बायकोला गाठलं.

"अगं, माझ्या मोबाइलवर ओटीपी आलाय, सांग पटकन. मंत्री खोळंबलेत!"

"तुमचाच नियम आहे, म्हणून विचारते. आपली धाकटी कितवीत आहे?"

"सातवीत... नाही, थांब... आठवीत ना?"



"नववीत. पटलं, तुम्हीच आहात. यंत्राने बरोबर सांगितलं असतं. घ्या लिहून."