पहिला धडा

सकाळपासून गिरजाचा हात सारखा कमरेच्या बटव्याकडे जात होता. शत्रूचा सरदार ज्या पंखांच्या शरभावर बसून चालून येत होता, तो तिचा होता. पिल्लू असल्यापासून तिने वाढवलेला, गेल्या साली शत्रूने पळवलेला. शीळ ऐकली की बसायचं, बसलं की गूळ, हा त्याचा पहिला धडा.

"घाल शीळ," सेनापती म्हणाले. "तो बसला की दोघांनाही बाणांनी टिपू."

दोनदा नुसतीच हवा गेली. तिसऱ्यांदा शीळ फुटली.

ऐन धुमश्चक्रीत शरभ मटकन बसला. सरदार धाडकन खाली आला. इकडे धनुष्यं ताणली गेली, पण शरभाला त्याचं काय! तो गिरजाकडे बघत आ करून बसला.

"सोडा बाण!" सेनापती ओरडले.

तोवर गुळाचा खडा मुठीत घेऊन गिरजा बाणांच्या वाटेत धावली होती.