जिना आला

ऑफिसात फोन वायफायवरच चालायचे आणि जिन्यात वायफाय तुटायचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या त्याच्या ते पथ्यावरच पडायचं. आईचं बोलणं लांबलं, की तो चालत चालत जिना गाठायचा, "आई, जिना आला, आवाज तुटतोय," म्हणायचा आणि फोन खिशात टाकायचा. कॉल आपोआप बंद पडायचा, बटण दाबायचेही कष्ट नाहीत.

साहेबांनी तगादा लावला म्हणून आज सकाळी त्यानेच मजल्यामजल्यावरचे राउटर नीट जुळवले. आता कुठेही फिरा, फोन एकावरून दुसऱ्यावर जाणार आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

दुपारी आईचा फोन आला आणि सवयीने पाय जिन्याकडे वळले. "आई, जिना आला, आवाज तुटतोय." फोन खिशात टाकून तो सोबतच्या मित्राला म्हणाला, "सुटलो बाबा! हिचं गुऱ्हाळ एकदा सुरू झालं की थांबतच नाही."

खिशातून बारीक खोकला ऐकू आला. त्याने चरकून फोन कानाला लावला. "आई?"



"हॅलो... हॅलो... खरंच रे, तुटतोय आवाज. मला काहीच ऐकू आलं नाही बघ. ठेवते हं मीच."